रात्री पावणेबाराची नोंद

मामांच्या हातात मेमो होता. चार घड्या घातलेला, घामानं ओलसर झालेला. सर्व्हर रूमच्या दारातच ते थांबले, बूट काढायचे की नाही या विचारात. "मॅडम, तुमच्या सिस्टीममध्ये बघा की जरा. मी त्या दिवशी पहिल्या पाळीला. साडेतीनला गेटवर पंच केलं आणि घरी गेलो. रात्री पावणेबाराला मी कुठनं माल देणार?"

प्रकरण कार्बाइड इन्सर्टच्या, म्हणजे मशीनवर धातू कापणाऱ्या टणक पात्यांच्या, सहा डब्यांचं होतं. तळहातावर मावेल एवढा डबा, आत दहा नग, आणि किंमत अशी की स्टोअरवाले ते कुलपात ठेवतात. स्टॉक मोजताना सहा डबे कमी भरले. सिस्टीममध्ये ते इश्यू झालेले दिसत होते, इश्यू करणाऱ्याच्या रकान्यात मामांचा यूजर आयडी, वेळ रात्री ११:४६. गेटचं पंचिंग मामांच्या बाजूनं होतं, त्यामुळे चोरीचा आळ नव्हता. मेमोत लिहिलं होतं की, आपण आपला पासवर्ड दुसऱ्यास वापरू दिला, हा निष्काळजीपणा आहे. आणि स्टोअरच्या काउंटरवर, मॉनिटरच्या खालच्या कडेला सेलोटेपनं चिकटवलेला कागद मी स्वतः कितीतरी वेळा पाहिला होता. त्यावर मामांचाच आयडी आणि पासवर्ड, आणि अक्षर सुपरवायझरचं. तिन्ही पाळ्या त्याच्यावरच चालायच्या. मामांना कुणी विचारलंही नव्हतं.

मी लॉग उघडला. त्यात आयडी होता, वेळ होती, स्टोअरच्या पीसीचा आयपी पत्ता होता. की-बोर्डसमोर कोण बसलं होतं, याचं उत्तर त्यात नव्हतं आणि असणं शक्यही नव्हतं. मामांना म्हटलं, "मामा, यातून काही सिद्ध होत नाही. तुमच्या विरुद्धही नाही आणि तुमच्या बाजूनंही नाही." त्यांनी मेमो पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. सव्वीस वर्षांची नोकरी आणि पहिला मेमो.

भोसरीच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना, मशीनिंगचा. मी तिथली सिस्टीम ॲडमिन. त्या मेमोनंतरचे आठ महिने मी एकाच कामात होते: आमच्या सर्व्हरला समोरचा माणूस खरोखर कळला पाहिजे. ते कसं झालं, कुठे अडलं, आणि कुठे थोडक्यात वाचलो, ते सविस्तर लिहिते. आपल्याकडच्या कितीतरी कारखान्यांत, पतसंस्थांत, दवाखान्यांत आजही लॉगिन असंच चाललेलं आहे, हे मला माहीत आहे.

आमचं उत्पादन आणि स्टोअरचं सॉफ्टवेअर जावात लिहिलेलं, टॉमकॅट या वेब-सर्व्हरवर चालणारं. बाहेरच्या एका छोट्या टीमनं पूर्वी बनवून दिलेलं, आता सोर्स कोड आमच्याकडे. लॉगिनसाठी डेटाबेसमध्ये एक साधं टेबल: नाव, पासवर्ड, विभाग. पासवर्ड थेट लिहिलेले नव्हते, एमडी५ करून, म्हणजे ठरलेल्या गणितानं न ओळखता येणाऱ्या अक्षरांत बदलून, ठेवले होते, म्हणून सगळे निर्धास्त. मी त्या टेबलची नुसती एक क्वेरी चालवली, रकान्यातली कोणती किंमत किती वेळा येते एवढीच. पहिल्याच ओळीत २११ हा आकडा आला. सहाशेवर खात्यांपैकी २११ खात्यांच्या रकान्यात तंतोतंत तीच अक्षरं, ‘ई१०एडीसी३९’ अशी सुरुवात असलेली. या कामात असणाऱ्याला ती अक्षरं पाहताक्षणी ओळखू येतात, कारण ‘१२३४५६’चा एमडी५ तोच असतो, जगात कुठेही केला तरी.

एमडी५ ही रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी बांधलेली पद्धत, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली. ती झपाट्यानं चालावी म्हणूनच बनवलेली आहे, आणि पासवर्डसाठी नेमका तोच तिचा दोष आहे. चोरानं टेबल नेलं तर तो सेकंदाला कोट्यवधी अंदाज करून बघू शकतो. पासवर्ड साठवायची पद्धत मुद्दाम हळू हवी, आणि प्रत्येक माणसासाठी वेगळं ‘सॉल्ट’ मिसळलेलं हवं, म्हणजे दोघांचा पासवर्ड एक असला तरी रकान्यातली अक्षरं वेगळी येतात. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

एक वाट अशी होती की हेच टेबल दुरुस्त करायचं. मी ती घेतली नाही. ऑफिसातल्या प्रत्येक पीसीचं लॉगिन आधीच ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून, म्हणजे सगळ्या खात्यांच्या मायक्रोसॉफ्टच्या मध्यवर्ती नोंदवहीतून, होत होतं. माणूस सोडून गेला की त्याचं तिथलं खातं त्याच दिवशी बंद व्हायचं, आणि आमच्या टेबलात मात्र तो वर्षानुवर्षं जिवंत राहायचा. पासवर्ड सांभाळायची जबाबदारी दोन ठिकाणी असली की एक ठिकाण हमखास दुर्लक्षित राहतं. म्हणून ठरवलं, आमच्या सॉफ्टवेअरनं यापुढे पासवर्ड ठेवायचाच नाही. डिरेक्टरीला विचारायचं, हा माणूस म्हणतो तोच आहे का? त्याला काय काय करायची मुभा आहे, एवढंच आपण ठरवायचं.

सांगायला हे दोन वाक्यांत झालं. पहिले दोन महिने मात्र सर्व्हरला हातही लागला नाही. ते गेले टाइम ऑफिसमध्ये.

टेबलातली नावं आणि खरी माणसं यांची गाठ घालायची होती. आमच्याकडे पाटील आडनावाची अठ्ठावीस माणसं, त्यांतल्या चौघांची पहिली दोन अक्षरंही एकच. ‘एसपी पाटील’, ‘एसपी पाटील१’, ‘एसपाटील’, ‘पाटीलस्टोअर’ अशी खाती. कोणतं कुणाचं ते त्या-त्या विभागात जाऊन विचारावं लागलं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांची दोन-दोन खाती निघाली. माझंच मेलचं खातं माहेरच्या नावानं होतं आणि पगारपत्रक सासरच्या. ‘क्यूए’, ‘डिस्पॅच’, ‘टेंप२’ ही तर कुणाचीच खाती नव्हती. दोन खाती वारलेल्या माणसांची होती आणि त्यांतलं एक गेल्या आठवड्यापर्यंत वापरात होतं. टाइम ऑफिसमधल्या बाई रजिस्टर काढून एकेक नाव वाचायच्या, मी खूण करायची. त्या नावापाशी आम्ही दोघी थांबलो. त्या म्हणाल्या, "यांच्या तेराव्याला मी गेले होते गं."

नाव ही ओळख म्हणून कच्ची आहे, हे त्या दोन महिन्यांत पटलं. नाव बदलतं, दोघांचं एकच असतं, स्पेलिंग दहा प्रकारे होतं. आमच्याकडे न बदलणारी एकच गोष्ट होती, ती टोकन नंबर. नोकरीला लागताना मिळतो, माणूस गेला तरी पुन्हा कुणाला देत नाहीत. मग डिरेक्टरीत प्रत्येकाच्या नोंदीत टोकन नंबर भरला, कामगारांसाठी नवी खाती उघडली, आणि जुन्या नोंदींशी त्यांचा मेळ घातला. शेवटी हाती ४७३ माणसं राहिली. बाकीची खाती म्हणजे भुतं.

आता खरी जोडणी. डिरेक्टरीशी बोलायची भाषा एलडीएपी, मिशिगन विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला घडलेली. काम दोन पायऱ्यांत होतं. आधी आमचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सेवा-खात्यानं आत जाऊन विचारतं, अमुक टोकन नंबर कुणाचा? डिरेक्टरी त्या नोंदीचं पूर्ण नाव परत देते. मग ते नाव आणि माणसानं टाइप केलेला पासवर्ड घेऊन सॉफ्टवेअर पुन्हा दार ठोठावतं. याला ‘बाइंड’ म्हणतात. डिरेक्टरी हो म्हणाली तर पासवर्ड बरोबर.

पहिल्या चाचणीला मी ३८९ पोर्ट, म्हणजे एलडीएपीचं साधं दार, वापरला, आणि शेजारी तारेतून जाणारा मजकूर दाखवणारं वायरशार्क लावून ठेवलं. आमच्या साहेबांना बोलावलं, म्हटलं, एक खोटा पासवर्ड टाका. त्यांनी टाकला. दुसऱ्या स्क्रीनवर बाइंडच्या विनंतीची ओळ उघडली आणि त्यांनी टाइप केलेलं अक्षरन् अक्षर तिथं उघडं होतं. साधा बाइंड पासवर्ड जसाच्या तसा तारेतून पाठवतो. साहेब एवढंच म्हणाले, "म्हणजे शॉपवरच्या कुठल्याही स्विचला कुणी वायर लावली तर?" त्यानंतर सर्टिफिकेटसाठी, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवून मजकूर गुप्त पाठवायच्या सोयीसाठी, लागणारा वेळ मला वाद न घालता मिळाला.

एन्क्रिप्शनसह ६३६ पोर्ट. आमच्या अंतर्गत प्रमाणपत्र सर्व्हरचं मूळ सर्टिफिकेट जावाच्या ‘सीएसर्ट्स’ फाइलमध्ये भरलं आणि तरी जोडणी होईना. एररमध्ये नावाबद्दल तक्रार. कारण साधं निघालं: कॉन्फिगरेशनमध्ये डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरचा, आयपी पत्ता लिहिलेला होता आणि सर्टिफिकेटवर होतं त्याचं नाव. जुन्या जावात हे चालून जायचं. २०१८ च्या जुलैतल्या अपडेटपासून जावा अशा जोडणीत नावही तपासू लागली. इंटरनेटवर याचा उपाय शोधला तर ‘ही तपासणी बंद करा’ असं सांगणारी उत्तरंच जास्त सापडतात. कृपा करून तसं करू नका. तपासणी बंद केली की एन्क्रिप्शन राहतं, पण पलीकडे खरा डोमेन कंट्रोलर आहे की त्याचं सोंग घेतलेलं दुसरं कुणी, ते कळत नाही. आणि चारशे माणसांचे पासवर्ड आपण त्याच्या हवाली करत असतो. आयपीच्या जागी नाव लिहिलं, एक ओळ बदलली, काम झालं.

मग तो शनिवार.

संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. आमच्याकडे डिप्लोमा झालेला एक ॲप्रेंटिस मुलगा होता, त्याला मी चाचणीला बसवलं होतं. चुकीचा पासवर्ड, बंद खातं, मुदत संपलेलं खातं, असं एकेक करून बघायचं. सगळं बरोबर नाकारलं जात होतं. मी चहा घ्यायला उठले, तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, इकडे या ना. मी पासवर्ड टाकलाच नाही. नुसतं एंटर दाबलं."

स्क्रीनवर प्लांट हेडचं पान उघडलं होतं. त्यांचा टोकन नंबर, त्यांचं नाव, आणि मंजुरीसाठी आलेल्या खरेदीच्या ऑर्डरी. प्रत्येकीसमोर ‘मंजूर’चं बटण.

मी त्याला बाहेर पडायला सांगितलं आणि स्वतः केलं. टोकन नंबर, पासवर्डचा रकाना रिकामा, एंटर. आत. माझा नंबर. आत. मामांचा नंबर. आत. टोकन नंबर तर गळ्यातल्या आयकार्डावर छापलेला असतो. सोमवारपासून हीच यंत्रणा स्टोअरमध्ये सुरू व्हायची होती.

सुरुवातीला डिरेक्टरीत काहीतरी बिघडलं असं वाटलं. रात्री साडेनऊपर्यंत शोधल्यावर कळलं की बिघाड काहीच नाही, ते नियमात लिहिलेलं आहे. एलडीएपीच्या पडताळणीचा दस्तऐवज आहे, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांची दस्तऐवज-मालिका) ४५१३, जून २००६ चा. त्यात साध्या बाइंडचे तीन प्रकार सांगितलेत. नाव आणि पासवर्ड दोन्ही रिकामे, तर तो निनावी बाइंड. दोन्ही भरलेले, तर खरी पडताळणी. आणि तिसरा: नाव आहे, पण पासवर्ड रिकामा. अशा वेळी सर्व्हर पासवर्ड तपासतच नाही. तो आलेल्याला निनावी पाहुणा समजतो आणि यशस्वी असं उत्तर देऊ शकतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरी मुळात तसंच उत्तर देते. विचारणाऱ्या सॉफ्टवेअरनं रिकामा पासवर्ड पुढे पाठवूच नये, हेही त्याच दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय. आमच्या कोडमध्ये ती एक अट नव्हती. टॉमकॅटच्या स्वतःच्या एलडीएपी जोडणीत ती आहे. आम्ही मात्र लॉगिनचा भाग हातानं लिहिला होता.

डिरेक्टरी म्हणाली होती, या, निनावी म्हणून बसा. आमच्या कोडनं त्याचा अर्थ लावला, हे प्लांट हेड आहेत.

त्याच रात्री अट घातली: पासवर्ड रिकामा असेल तर तिथंच नकार. रविवारी सकाळी तो मुलगा पुन्हा आला, सुट्टी असून. त्यानं तीन वेळा स्पेसबार दाबून एंटर केलं आणि पुन्हा आत गेला. तीन स्पेस म्हणजे रकाना रिकामा नव्हे, म्हणून माझी अट ओलांडली गेली. आणि पुढे एका जुन्या ओळीत पासवर्डच्या मागचे-पुढचे स्पेस काढून टाकले जात होते. डिरेक्टरीपर्यंत पोचेस्तोवर पासवर्ड पुन्हा रिकामाच. ती स्पेस काढणारी ओळ उडवली. पासवर्डला कुठेच हात लावायचा नाही, माणसानं दिला तसाच न्यायचा. अट अगदी बाइंडच्या आधी, शेवटच्या क्षणाला आणून ठेवली. आणि एक गोष्ट वाढवली जिचा मला फार आधार वाटतो. एलडीएपीत ‘मी कोण आहे?’ असं विचारायची सोय आहे, आरएफसी ४५३२. बाइंड यशस्वी झाला की आमचं सॉफ्टवेअर त्याच जोडणीवरून डिरेक्टरीला विचारतं, आत्ता तुझ्या लेखी मी कोण? निनावी असेल तर उत्तर रिकामं येतं. उत्तरात आलेलं खातं आणि आधी शोधलेलं खातं एकच असेल, तरच पान उघडतं.

सोमवारचं उद्घाटन मी दोन आठवडे पुढे ढकललं. त्या दोन आठवड्यांत डिरेक्टरीला जोडलेली बाकीची सॉफ्टवेअरंही याच चाचणीतून काढली. बाहेरून विकत घेतलेलं गेटपासचं सॉफ्टवेअर रिकाम्या पासवर्डनं उघडलं. ते कधीपासून तसं होतं, देव जाणे. तुमच्याकडे असं काही असेल तर आजच्या आज करून बघा. एक टोकन नंबर आणि एक एंटर, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

ऑफिसातल्या लोकांसाठी पुढची पायरी होती, पासवर्ड पुन्हा विचारायचाच नाही. सकाळी पीसी उघडताना त्यांनी तो दिलेलाच असतो. यामागे कर्बेरोस आहे. एमआयटीच्या ‘अथेना’ प्रकल्पात १९८० च्या दशकात ते तयार झालं. नाव ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या राखणदार कुत्र्यावरून. विंडोज २००० पासून ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा तोच पाया आहे. आमच्या लोकांना मी ते कँटीनच्या कुपनांवरून समजावलं. सकाळी टाइम ऑफिसात एकदा ओळख पटवायची, ते सही-शिक्क्याचं कुपन देतात. कँटीनवाला तुमचं आयकार्ड मागत नाही, कुपनावरचा शिक्का ओळखतो, कारण त्या शिक्क्याची खूण फक्त टाइम ऑफिस आणि कँटीन यांनाच ठाऊक. कुपन दुसऱ्या दिवशी चालत नाही. कर्बेरोसमध्ये टाइम ऑफिस म्हणजे डोमेन कंट्रोलर, कँटीन म्हणजे आमचा सर्व्हर, शिक्क्याची खूण म्हणजे ‘की-टॅब’ नावाची एक छोटी फाइल. आणि कुपन म्हणजे ‘तिकीट’, त्याची मुदत सहसा दहा तासांची. पासवर्ड आमच्या सर्व्हरपर्यंत येतच नाही, ही त्यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट.

हे बसवताना तीन दिवस गेले ते एका टोपणनावापायी. लोक ब्राउझरमध्ये सर्व्हरचं सोपं नाव टाकायचे आणि डिरेक्टरीत सेवेची नोंद दुसऱ्याच नावानं होती. ब्राउझरनं त्या सोप्या नावाचं तिकीट मागितलं, तशी सेवाच सापडेना, मग तो गुपचूप विंडोजच्या जुन्या एनटीएलएम या लॉगिन पद्धतीवर घसरला. आमच्या लॉगमध्ये मात्र ‘टोकन सदोष’ एवढंच. हे टोकन म्हणजे ब्राउझरनं पाठवलेली ओळखीची चिठ्ठी, टोकन नंबर नव्हे. शेवटी हेडरमध्ये, म्हणजे ब्राउझर विनंतीच्या डोक्याशी जोडतो त्या माहितीत, काय येतंय ते नुसतं वाचलं. कर्बेरोसचं टोकन असेल तर सुरुवात ‘वाय-आय-आय’ अशा अक्षरांनी होते, एनटीएलएमचं असेल तर ‘टी-एल-आर-एम’. हे कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तीन दिवस वाचले असते, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. सोप्या नावाचीही नोंद केली आणि घसरगुंडी थांबली.

नंतर एके सकाळी सगळ्यांचंच बंद. घड्याळ! आमच्या लिनक्स सर्व्हरचं व्हर्च्युअल मशीन रात्री बॅकअपच्या गडबडीत थांबवून पुन्हा चालू केलं होतं आणि त्याचं घड्याळ सात मिनिटं मागं पडलं होतं. कर्बेरोसमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, कारण कुणी जुनं तिकीट पकडून पुन्हा वापरू नये. क्रोनी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम चालू करून त्याला डोमेन कंट्रोलरचीच वेळ दाखवली.

आणि एक वरिष्ठ साहेब असे की फक्त त्यांनाच पान उघडेना, कोरा ‘४००’ एरर. वीस वर्षांत ते डिरेक्टरीतल्या इतक्या गटांमध्ये सभासद झाले होते की सगळ्या गटांची यादी सामावून त्यांचं तिकीटच फुगलं होतं, आणि टॉमकॅट हेडरला मुळात ८ केबीच जागा देतं. जागा वाढवली. पण आधी त्यांच्यासोबत बसून ते कशाकशात आहेत ते वाचलं, आणि निम्म्या गटांतून त्यांनी स्वतःच नाव काढायला सांगितलं.

शॉपवर कर्बेरोस उपयोगाचं नव्हतं. तिथं एका पीसीवर तीन पाळ्यांत चाळीस माणसं येतात, आणि पीसी चालू असणं म्हणजे समोर कोण आहे हे कळणं नव्हे. शिवाय हाताला कूलंट, मागे रांग, साडेतीनला पाळी बदलताना तर दहा मिनिटांत वीस इश्यू. त्या गर्दीत लांब पासवर्ड टाइप करा म्हटलं तर तो कागद पुन्हा चिकटणार, हे उघड होतं. कागद चिकटवणारा सुपरवायझर वाईट माणूस नव्हता, त्याला मशीन थांबू द्यायची नव्हती. मी आठवडाभर काउंटरच्या आत स्टूल टाकून बसले आणि कोणाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. वेळ पासवर्डपेक्षा जास्त आयडी शोधण्यात जात होता. मग गेटचंच कार्ड वाचणारा छोटा रीडर काउंटरवर लावला. तो की-बोर्डसारखाच वागतो, कार्ड टेकवलं की टोकन नंबर आपोआप उमटतो. कार्ड सापडलं किंवा नक्कल केलं तरी त्यानं नुसतं नाव कळतं. पासवर्ड माणसानं स्वतःच द्यायचा. तीन मिनिटं कुणी हात लावला नाही की सिस्टीम आपण होऊन बाहेर.

पासवर्ड दर साठ दिवसांनी बदलायचा नियम होता, त्यावर ऑडिटवाल्यांशी बराच वाद झाला. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलंय की ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा लावा. मी ते पान छापून मीटिंगला नेलं. कामगारांसाठी मुदत काढली, लांबी वाढवली, आणि स्वतःच्या मनातले तीन-चार शब्द जोडून ठेवायला शिकवलं. प्रत्येकाला वेगळं, खिडकीशी उभं करून, मी पाठ फिरवून.

नकाराचं कारण माणसाला किती सांगायचं, यावरही विचार करावा लागला. डिरेक्टरी नकारासोबत आत एक कोड देते: ‘५२ई’ म्हणजे पासवर्ड चुकला, ‘५३२’ म्हणजे मुदत संपली, ‘५३३’ खातं बंद, ‘७७५’ खातं कुलूपबंद. स्क्रीनवर सगळंच दाखवलं तर कोणते नंबर चालू आहेत ते बाहेरच्याला कळतं. काहीच नाही दाखवलं तर रात्रपाळीचा माणूस काउंटरला ताटकळतो. स्क्रीनवर एकच वाक्य ठेवलं, ‘लॉगिन झालं नाही, आयटीला फोन करा’, आणि कोड आमच्या लॉगमध्ये. फोन उचलणाऱ्याच्या टेबलावर या चार कोडांचा तक्ता आहे. पहिल्या आठवड्यात फोन सारखा वाजत होता, बहुतेक ‘७७५’. कॅप्स लॉक.

सुरू झालं त्या सोमवारी सकाळी पावणेसातला मी स्टोअरमध्ये होते. सुपरवायझरनं स्वतः नखानं खरवडून तो कागद काढला. सेलोटेपचा पिवळा डाग अजून मॉनिटरवर आहे.

मामांच्या मेमोबद्दल मी एचआरला लेखी दिलं: जुन्या पद्धतीत त्या नोंदीवरून कोणतीही एक व्यक्ती ठरवता येत नव्हती, आणि तो पासवर्ड विभागाच्या सोयीसाठी उघडा लावलेला होता, सोबत काउंटरचा फोटो. मेमो फाइलमधून काढता येत नाही म्हणाले. माझं पत्र त्याच्या मागे लावलं, आणि ‘सदर कर्मचाऱ्याची जबाबदारी निश्चित होत नाही’ असा शेरा मारून सही केली. मामांनी त्याची झेरॉक्स मागून घेतली. सहा डबे कुणी नेले, ते आजही कुणाला माहीत नाही.

गेल्या महिन्यात काही कामानं काउंटरला गेले होते. पहिली पाळी सुटायची वेळ, मागे पाच-सहा जण उभे. मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कार्ड टेकवलं, आणि डाव्या हाताचा पंजा की-बोर्डवर आडवा धरून उजव्या हाताच्या एका बोटानं सावकाश पासवर्ड टाकायला घेतला. मागून एक पोरगा म्हणाला, "मामा, लवकर की." मामांनी मान वर केली नाही. "थांब," म्हणाले, "नाव माझं लागतंय तिथं."